शाळेच्या डायरीतली उद्दिष्टे कुठून आली? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती शाळांची पार्श्वभूमी

दर जूनमध्ये मुंबई-पुण्यातल्या ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत मुलांच्या हाती नवी डायरी पडते. सुरुवातीच्या पानांवर बोधवाक्य, शाळेची प्रार्थना आणि मग उद्दिष्टे: सर्वांगीण विकास, चारित्र्य, शिस्त, सेवाभाव, सर्व धर्मांचा आदर, दुर्बलांविषयी आस्था. बहुतेक पालक ती पाने उलटून थेट सुट्ट्यांच्या यादीकडे जातात. पण या पाच-सहा ओळींमागे दोनशे वर्षांची ओढाताण आहे. यातली फार थोडी उद्दिष्टे मिशनऱ्यांनी मायदेशातून लिहून आणली होती. उरलेली त्यांना इथल्या लोकांनी लिहायला लावली. त्यात मुले काढून घेणारे पालक होते, अनुदान देणारे सरकार होते आणि अधूनमधून न्यायालयही होते.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारला ते नको होते. धर्माच्या भानगडीत व्यापार आणि राज्य दोन्ही अडचणीत येतील, या भीतीने त्यांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले. त्याच वर्षी कंपनीची सनद नव्याने मंजूर झाली आणि मिशनऱ्यांना हिंदुस्थानात राहण्याची वाट कायद्याने मोकळी झाली. 1815 मध्ये त्यांनी मुंबईत पहिली शाळा काढली. ती मराठी शाळा होती. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे ही प्रॉटेस्टंट पंथाची अपेक्षा, आणि अक्षरओळख नसलेल्यापुढे पुस्तक ठेवून काय उपयोग? म्हणून आधी बाराखडी, मग शास्त्र. ख्रिस्ती शिक्षक मिळण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा गावातलेच हिंदू पंतोजी नेमले गेले. येशूचे दृष्टांत मुलांकडून वाचून घेणारा मास्तर स्वतः त्यातले काहीच मानत नसे, आणि मिशनलाही ते ठाऊक असे. 1824 मध्ये मुलींची शाळा निघाली. 1827 च्या अखेरीस सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून आली. तिचे नाव पुढे येईलच.

या काळात उद्दिष्ट झाकलेले नव्हते. मूल ख्रिस्ती व्हावे, निदान मूर्तिपूजेवरचा त्याचा विश्वास ढळावा, हे मिशनच्या अहवालांत उघड लिहिलेले असे. सरकारचा विचार वेगळा होता. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन शिक्षणाचा मोठा पुरस्कर्ता, पण सरकारी शाळेत धर्म शिकवू नये यावर ठाम. पेशवाई नुकतीच बुडवलेल्या माणसाला लोकांच्या धर्मात हात घालणे किती महाग पडेल हे कळत होते. त्यामुळे पश्चिम हिंदुस्थानात पहिल्यापासून दोन वाटा झाल्या, एक धर्माशिवायच्या शाळांची आणि दुसरी धर्मासाठीच काढलेल्या शाळांची. पालक दोन्हींकडे डोळसपणे पाहत होते.

खरा सौदा सुरू झाला तो इंग्रजीने. स्कॉटलंडचे जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट 1829 मध्ये मुंबईत आले. मार्गारेटबाईंनी मुलींच्या मराठी शाळा सुरू केल्या. विल्सन यांनी 1832 मध्ये गिरगावात अंबरोळीला इंग्रजी शाळा काढली. आजच्या विल्सन कॉलेजचा उगम तिथला. उच्चवर्णीय मुलांना इंग्रजीतून तर्क, विज्ञान, इतिहास शिकवला की त्यांचा जुना विश्वास आपोआप कोसळेल, असा हिशेब स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ यांनी 1830 मध्ये कलकत्त्यात मांडला होता. विल्सनही त्याच वळणाने गेले. पारशी, ब्राह्मण, प्रभू घरांतली मुले येऊ लागली. बापाला साहेबाच्या कचेरीत चालेल असे इंग्रजी हवे होते, मिशनरीला मुलाचा आत्मा हवा होता. रोज एक तास बायबल ऐकणे ही त्या इंग्रजीची किंमत, आणि ती परवडण्यासारखी आहे असा बापाचा अंदाज होता. आपला मुलगा ऐकेल आणि सोडून देईल, हे त्यात गृहीत धरलेले.

1839 च्या मे महिन्यात धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो अंदाज चुकला. पारशी समाज हादरला. प्रकरण न्यायालयात गेले. धनजीभाई समजत्या वयाचा आहे, त्याला हवे तिथे जाऊ द्यावे, असा निर्णय झाला आणि तो विल्सन यांच्याबरोबर गेला. न्यायालयात मिशन जिंकले, शाळेत हरले. पारशांनी आपली मुले झपाट्याने काढून घेतली, पुष्कळ हिंदूंनीही. चारच वर्षांनी, 1843 मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने धर्मांतर केले. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण होता. न्यायालयाने त्याला आईवडिलांच्या ताब्यात दिले. आता त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावर मुंबई-पुण्यात रण पेटले. प्रायश्चित्त देऊन घ्यावे असे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष सोसावा लागला. मुलगा मिशनऱ्यांकडे राहिलेला आणि जेवलेला, हा आक्षेपाचा मुद्दा होता. धर्मग्रंथ त्याने काय वाचला याची विचारपूस त्या मानाने कमीच झाली.

या दोन प्रकरणांनी मिशन शाळांना जे शिकवले ते कुठल्या धर्मपरिषदेने शिकवले नसते. एक बाप्तिस्मा म्हणजे शंभर रिकामे बाक. संख्या माझी नाही, बोलीची आहे. पण अनुभव असाच होता. मुले परत येत, कारण इंग्रजीची भूक मोठी होती. मात्र प्रत्येक परतीनंतर शाळेचा सूर थोडा उतरलेला असे. धर्मांतराऐवजी ‘चारित्र्य’, ‘सत्यप्रीती’, ‘नीती’ हे शब्द पुढे यायला लागले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विल्यम मिलर यांनी पुढे याला तात्त्विक रूप दिले: कॉलेजचे काम माणसे धर्मात ओढण्याचे नसून ख्रिस्ती विचार समाजात झिरपू देण्याचे आहे. कट्टर मिशनऱ्यांना हे पराभवाचे समर्थन वाटले. मला ते निम्मे समर्थन आणि निम्मे खरे शहाणपण वाटते.

कारण झिरपणे प्रत्यक्षात घडत होते, फक्त मिशनच्या आराखड्याप्रमाणे नव्हे. जोतीराव फुले 1841 ते 1847 या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीला होते. त्यांच्याकडे गेले असता जोतीरावांनी सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि परत येऊन 1848 मध्ये भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचे शिक्षिकेचे प्रशिक्षण फरारबाईंकडे नगरला आणि मिचेलबाईंकडे पुण्यात झाल्याचे चरित्रकार सांगतात. जोतीराव पुढे स्कॉटिश मिशनच्या मुलींच्या शाळेत काही काळ शिकवतही होते. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’त छापला गेला, म्हणजे अमेरिकन मिशनच्याच पत्रात. आणि हे सगळे करणारे जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. सर्व माणसे एका निर्मिकाची लेकरे, बाईला आणि अतिशूद्राला अक्षराचा हक्क, ही मूल्ये त्यांनी घेतली आणि बाप्तिस्मा तिथेच ठेवला. मिशनच्या हिशेबात हे अपयश होते. महाराष्ट्राच्या हिशेबात मिशन शाळांनी दिलेले याहून मोठे काही मला तरी दिसत नाही.

सरकारी पैशाने उद्दिष्टांना दुसरे वळण दिले. 1854 च्या वुड यांच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदानाची सोय केली. अट अशी की सरकार लौकिक विषयांचे शिक्षण तपासेल, धर्माच्या तासाकडे पाहणार नाही. वरकरणी ही सूट होती. पण पुढच्या दशकात मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरू लागल्यावर परिणाम उलटा झाला. ज्या तासाला गुण नाहीत तो तास वेळापत्रकात कोपऱ्यात जातो, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. गणित आणि इंग्रजी शाळा चालवू लागले, बायबल सकाळच्या प्रार्थनेपुरते उरले. निकालाचा लौकिक हे ख्रिस्ती शाळांचे न लिहिलेले पहिले मूल्य बनले ते याच काळात.

इथे एक फरक ठेवायला हवा, कारण ‘ख्रिस्ती शाळा’ म्हटले की डोळ्यांपुढे मुंबईची दगडी इमारत येते. नगर जिल्ह्यात चित्र वेगळे होते. तिथे अमेरिकन मिशनकडे आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले. 1876-78, 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी अनाथ मुलांचे लोंढे मिशनच्या दारात आणले. गावोगाव मराठी शाळा निघाल्या. त्यात एकच माणूस आठवडाभर मास्तर आणि रविवारी उपदेशक असे. मोठ्या मुलांसाठी नगरला बोर्डिंग, सुतारकाम, विणकाम शिकवणाऱ्या उद्योगशाळा. सरकारी शाळेच्या ओसरीवरही ज्यांना बसू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी ही एकमेव शाळा होती. म्हणजे एकाच धर्माच्या नावाखाली दोन शाळा उभ्या राहिल्या. शहरात बिगरख्रिस्ती सुस्थित मुलांसाठी इंग्रजी शाळा आणि खेड्यात ख्रिस्ती गरीब मुलांसाठी मराठी शाळा. आजच्या डायरीतली ‘उत्कृष्टता’ पहिलीकडून आली आणि ‘सेवा’ दुसरीकडून. दोघींची गाठ क्वचितच पडली.

तिसरी शाखा गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांची. 1815 मध्येच आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी मुंबईत गरिबांच्या शिक्षणासाठी संस्था काढली होती. तिची मुले म्हणजे मुख्यतः युरोपीय सैनिकांची अनाथ किंवा निराधार मुले. तीच पुढे बॉम्बे एज्युकेशन सोसायटी झाली, आणि 1925 मध्ये तिची शाळा भायखळ्याहून नाशिकजवळ देवळालीला बार्न्स स्कूल म्हणून गेली. मुंबईचे कॅथीड्रल स्कूल 1860 चे, पुण्याचे बिशप्स स्कूल 1864 चे. याच सुमारास जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी माझगावला सेंट मेरीज (1864) आणि धोबीतलावला सेंट झेवियर्स (1869) उभे केले. जेझुइटांकडे 1599 पासूनची लेखी शिक्षणपद्धती तयार होती. वक्तृत्व, अभिजात भाषा, स्पर्धा, शिस्त आणि प्रत्येक मुलाकडे व्यक्तिगत लक्ष हे तिचे विशेष. कॅथलिक शाळा आधी आपल्या समाजाच्या मुलांसाठी होत्या, इतरांना त्यांनी हळूहळू घेतले. त्यामुळे प्रॉटेस्टंट मिशनची 1839 सारखी वादळे त्यांच्या वाट्याला कमी आली. अँग्लो-इंडियन शाळांतून मात्र गणवेश, हाउस पद्धत, प्रीफेक्ट, क्रीडादिन हे सारे इंग्लिश पब्लिक स्कूलचे सामान आले. आज पालक ‘ख्रिस्ती शिस्त’ म्हणतात त्यातले बरेच ख्रिस्ती नाही, व्हिक्टोरियन आहे.

धर्म आणि शाळा यांची सीमा कुठे, हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत तीव्रपणे एका बाईंनी उभा केला, आणि त्या परदेशी मिशनरी नव्हत्या. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. ते उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि 1890 मध्ये पुण्याला गेले. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन दिलेले होते. त्या भरवशावरच न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळात आले. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, रोज प्रार्थना करीत, आणि प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने तोफ डागली. पालकांनी मुली काढून नेल्या. 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले. रमाबाईंचे म्हणणे होते की मी कुणाला बोलावत नाही, पण आलेल्याला हाकलणारही नाही. हिंदू मुलीला तिच्या पूजेची मोकळीक आहे तशी प्रार्थनेला येणाऱ्या मुलीलाही. विरोधकांचे म्हणणे होते की जिच्या अन्नावर आणि मायेवर विधवा मुलगी जगते, तिच्या उघड्या दाराला ‘मोकळीक’ म्हणणे भाबडेपणाचे आहे. दोन्ही बाजूंत तथ्य होते, आणि आजही निवासी शाळांबाबतचा वाद याच उंबऱ्यावर अडतो. त्या वादात एक गोष्ट विसरली जाते. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला, आणि हिंगण्याच्या आश्रमामागे सदनाचा अनुभव उभा होता. रमाबाई नंतर केडगावला गेल्या आणि मुक्तिसदनात त्यांनी तटस्थतेचा करारच ठेवला नाही.

स्वातंत्र्यानंतर या सगळ्याला कायद्याची चौकट आली. घटनेच्या 30 व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. 28 व्या कलमाने सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही, असे बजावले. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या वर्गाला आणि बाकीची मॉरल सायन्सच्या वर्गाला, ही अनेक शाळांतली विभागणी या चौकटीत नीट बसते. मॉरल सायन्सच्या पुस्तकातले खरे बोला, वडीलधाऱ्यांना मान द्या, चोरलेला खडू परत करा हे धडे म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या त्या ‘नीती’चेच उरलेले रूप.

चौकटीची पहिली मोठी कसोटी देवळालीच्या बार्न्स शाळेतच लागली. 6 जानेवारी 1954 रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला की ज्यांची भाषा इंग्रजी आहे अशा अँग्लो-इंडियन आणि बिगरआशियाई वंशाच्या नागरिकांखेरीज इतर मुलांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश देऊ नये. सरकारला मातृभाषा आणि हिंदी पुढे आणायची होती. बार्न्समध्ये निम्म्याच्या आसपास मुले अँग्लो-इंडियन नसलेली होती. संस्था न्यायालयात गेली आणि तिच्याबरोबर पालकही गेले, एक भारतीय ख्रिस्ती आणि एक गुजराती हिंदू. मुख्य न्यायाधीश छागला यांच्या उच्च न्यायालयाने आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम रद्द ठरवला. भाषेच्या कारणावरून नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, हा एक आधार. दुसरा अधिक मजेदार: अँग्लो-इंडियन शाळांना घटनेने दहा वर्षे खास अनुदान दिले होते, पण वर्षाचे किमान 40 टक्के प्रवेश इतर समाजांना खुले ठेवण्याच्या अटीवर. सरकारचा हुकूम पाळला तर शाळेने घटनेची अट मोडायची! 1815 मध्ये गोऱ्या निराधार मुलांसाठी निघालेली संस्था 1954 मध्ये हिंदू मुलाच्या प्रवेशाच्या बाजूने लढली. ‘सर्वांना खुली शाळा’ हे वाक्य आज डायरीत सहज छापले जाते, त्यामागे हा निकालही आहे.

1973 मध्ये जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमध्ये माजी विद्यार्थ्यांपुढे विचारले की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का? आणि उत्तरही दिले: नाही. ‘इतरांसाठी जगणारी माणसे’ हे जेझुइट शाळांचे ब्रीद त्या भाषणातून रूढ झाले. भारतात कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2007 च्या शिक्षणधोरणात गरिबांना अग्रक्रम हे लेखी मांडले. पण धोरण एकीकडे आणि प्रवेशाची रांग दुसरीकडे. गोव्यात हे उघडे पडले. 1990 मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना फक्त मातृभाषेतल्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचे ठरले. चर्चच्या शाळांनी इंग्रजी सोडून देवनागरी कोंकणी स्वीकारली. वीस वर्षांत पालकांनी आंदोलने करून 2011 मध्ये इंग्रजीला अनुदान मिळवले आणि त्या शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या. त्यावरून गोव्याचे राजकारण आणखी कित्येक वर्षे तापत राहिले. भाषेबाबत शाळेचे मूल्य काय, हे दोन्ही वेळा शाळेबाहेर ठरले.

सध्याचा ताण प्रवेशाचा आणि धार्मिक चिन्हांचा आहे. 2024 मध्ये बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या: ख्रिस्ती रीती इतर मुलांवर लादू नका, सकाळच्या सभेत संविधानाची उद्देशिका म्हणा, सर्व धर्मांच्या मुलांसाठी प्रार्थनेची खोली ठेवा. शाळांतल्या पुतळ्यांवर आणि पाद्र्यांच्या झग्यांवर आक्षेप घेणारे प्रकार त्याआधी काही राज्यांत झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या सूचनांची भाषा कळते.

प्रवेशाचा प्रश्न अधिक अवघड. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांना 25 टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवायला लावल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा नसोत, या कायद्यातून वगळले. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या ख्रिस्ती शाळांतली सुमारे 74 टक्के मुले ख्रिस्ती नाहीत, आणि सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून दुर्बल घटकांतली मुले 8.76 टक्के. आयोगाचा रोख काय होता यावर वाद घालता येईल, पण आकडे नगरच्या त्या खेड्यातल्या शाळेपेक्षा मुंबईच्या दगडी इमारतीच्या बाजूने बोलतात. संस्थांचे उत्तर असे की कोटा आला की मागोमाग कारभारात सरकारी हात येतो, आणि 30 वे कलम त्यासाठीच आहे. गरीब मुलांना आम्ही फीमाफी देतोच. ही भीती निराधार नाही. तरी ‘गरिबांना अग्रक्रम’ छापणाऱ्या संस्थेने गरिबांच्या जागांतून सुटका मागणे कानाला खटकते, आणि ते चर्चमधल्याही काहींना खटकते. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 2014 च्या निकालाबद्दल शंका नोंदवून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला.